तोंडात पाणी धरून केलेलं संशोधन

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर खेकसले तर दचकायला नको. भिसेगावात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. दिवसभर लोक माझ्यासमोर पेनड्राइव्ह नाचवत “ललिताताई, दोन मिनिटांचं काम आहे फक्त” म्हणतात आणि दोन तास बसतात. अशा बाईचं डोकं थंड राहील कसं? पण गेली अडीच वर्षं पौर्णिमानं एकटीनं माझं डोकं जेवढं फिरवलं, तेवढं अख्ख्या कर्जतला मिळून जमलेलं नाही. आणि हसवलं म्हणाल, तर तेही तिनंच. एकदा तर मी हसता हसता दुकानातल्या स्टुलावरून खाली पडले आणि गिऱ्हाइकानं मला उचललं.

पौर्णिमा दहिवलीची. माहेर कडाव. चोवीस वर्षं अंगणवाडी सेविका आहे. कडावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला उंबराची वाडी म्हणून ठाकर आदिवासींची वस्ती आहे, तिथली अंगणवाडी तिच्याकडे. रोज सकाळी कडावपर्यंत टेंपो, तिथून पुढे पायी. तिथं तीन ते सहा वयाची तीस पोरं, त्यांची खिचडी, त्यांची वजनं, त्यांच्या लसींच्या तारखा, आणि रजिस्टरं. मध्ये म्हणाले, रजिस्टरं कमी करणार. झालं काय, तर तेच सगळं आता मोबाइलवरही भरावं लागतं.

बोलायला पौर्णिमा म्हणजे अशी की विचारू नका. दोन माणसांच्या गप्पांत दोघांचंही तीच बोलते. “कशी आहेस गं ललिता, बरी आहेस ना, दिसतेसच बरी, चहा घेतलास वाटतं.” मला तोंड उघडायची गरजच नाही! तिचा नवरा रुपेश गरीब माणूस. तो म्हणतो, आमच्या घरात रेडिओ कधी घेतलाच नाही, लागलाच नाही.

तर ही बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी दुकानात आली आणि माझ्यासमोर एक माहितीपत्रक आपटलं. बालपण आणि शिक्षण यांच्या अभ्यासाच्या संशोधन पद्धती. दोन वर्षांची पदविका, दर रविवारी कर्जतच्या अभ्यासकेंद्रात वर्ग.

“हे काय आता नवीन?” मी विचारलं.

“संशोधन. मुलांवरचं. फॉर्म भर माझा.”

“तू आणि संशोधन? तू दुसऱ्याचं ऐकून घेतलंस तर शोध लागेल ना!”

ती हसली, पण फॉर्म भरायला लावलाच. कारण तिनं मला लगेच सांगितलं. ही पदविका हातात आली, की तालुक्यातल्या नव्या सेविकांना शिकवायला प्रशिक्षक म्हणून तिला घेणार होते. अभ्यासकेंद्रातल्या सरांनी तसं कबूल केलं होतं. “बावीस वर्षं खिचडी ढवळली गं,” ती म्हणाली. “आता एकदा तरी फळ्यापुढे उभं राहून मोठ्यांना सांगायचंय, मूल म्हणजे काय ते.” तिचे डोळे असे चमकत होते की मी मुकाट कीबोर्ड पुढे ओढला.

सरांचं नाव धनेश. खालापूरकडचे. वय एकोणतीस, दाढी जेमतेम, आणि बोलणं इतकं मऊ की माझ्यासारखीला राग यावा. पहिलं काम त्यांनी दिलं ते मुलाखतींचं. तीस मुलांशी बोला, अंगणवाडीबद्दल त्यांना काय वाटतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. पौर्णिमानं चार दिवसांत तीस मुलाखती आणल्या. मी टाइप करायला घेतल्या. पहिल्या मुलाचं उत्तर, ‘हो बाई.’ दुसऱ्याचं, ‘हो बाई.’ सातव्यापर्यंत मी टाइप केलं, पुढे कॉपी-पेस्ट करून तीस पूर्ण केली आणि मनात म्हटलं, वा, पोरं एकजुटीची आहेत.

धनेश सरांनी ते कागद बघितले, चष्मा पुसला, परत बघितले. “मॅडम, तीस मुलं, आणि उत्तर एकच?”

“मग! सगळ्यांना एकदमच विचारलं ना सर. ओळीत बसवलं आणि विचारलं, अंगणवाडी आवडते ना रे? ती म्हणाली, होऽऽ बाऽऽई!”

तिनं त्यात जराही खोटं लिहिलं नव्हतं, हे लक्षात घ्या. अंगणवाडीत प्रश्न असाच विचारतात आणि उत्तर असंच येतं. हात धुतले का, हो बाई. आंबा गोड असतो ना, हो बाई. तिच्या हिशेबी तीस तोंडं उघडली म्हणजे तीस मुलाखती झाल्या. सरांनी हळू आवाजात समजावलं, की मूल एकेकटं हवं, प्रश्नातच उत्तर दडवायचं नाही, आणि त्याआधी मुलाच्या आईबापांची परवानगी घ्यायची, लेखी.

लेखी! तिथं दुसरा घोटाळा झाला. मी तीस संमतीपत्रं छापली, खाली सही किंवा अंगठ्यासाठी चौकोन ठेवला. पौर्णिमानं ती वाडीत वाटली आणि सांगितलं, उद्या भरून आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिचा फोन. मागे जत्रेचा गलका. “ललिता, लगेच ये! स्कूटी काढ!”

जाऊन बघते तर अंगणवाडीपुढे शंभर-सव्वाशे माणूस. उंबराच्या वाडीचे होतेच, डोंगरापलीकडच्या दोन वाड्यांचेही आलेले. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स, दोन फोटो. एक म्हातारबाबा तर लग्नाची पत्रिका घेऊन आलेला. त्यांचं चुकलं कुठे? ज्या कागदावर अंगठा लागतो तो योजनेचा, हे त्यांना सरकारनंच शिकवलेलं.

“बाई, ह्यो घरकुलाचा हाय का गॅसचा?” बुधाजी म्हणून वाडीतले वयस्क आहेत, त्यांनी विचारलं.

“कसलाच नाही बाबा. संशोधन आहे. तुमच्या नातवाशी बोलायला तुमची परवानगी पाहिजे.”

बुधाजींनी पिशवी काखेत मारली. “रोज त्याचा शेंबूड पुसतीस, तवा नाय इचारलंस. आन् आता बोलाया अंगठा पायजे?” मग मागे वळून त्यांनी गर्दीला मोठ्यानं सांगितलं, “काय नाय रं! बाईची परीक्षा हाय! द्या अंगठे, पास होऊंद्या तिला!” आणि अख्ख्या गर्दीनं अंगठे दिले, छापील कागद संपले तेव्हा वहीची पानं फाडून. पोर अंगणवाडीत नसलेल्यांनीही दिले. दोन बिनलग्नाच्या गड्यांनीसुद्धा दिले. तीस संमतीपत्रं लागत होती, माझ्याकडे एकशे अकरा जमली. उरलेल्यांचं काय करायचं हे धनेश सरांनाही सांगता येईना.

मग आलं निरीक्षण. हेच खरं कठीण, कारण सर म्हणाले, “तासभर कोपऱ्यात बसायचं मॅडम. मुलं काय करतात, काय बोलतात, लिहीत राहायचं. मध्ये बोलायचं नाही.” पौर्णिमाला बोलायचं नाही सांगणं आणि माशाला पोहायचं नाही सांगणं, एकच. पहिल्या दिवशी ती चार मिनिटं गप्प बसली. दुसऱ्या दिवशी सहा. तिच्या वहीत दोनच ओळी असायच्या, आणि तिसरी ओळ म्हणजे ‘इथे मी बोलले.’ रडकुंडीला आली बिचारी. मी चिडून म्हटलं, “तोंडात पाणी धर आणि बस! लहानपणी आम्हाला भांडणात तसंच बसवायची आई.”

मी रागानं बोलले होते हो. तिनं खरंच केलं! आणि जमलं! गालात पाणी धरून ती अख्खा तास बसली आणि चार पानं भरून लिहिलं. दुकानात येऊन मला मिठी मारली. “ललिता, मुलं किती बोलतात गं! मला माहीतच नव्हतं!” बावीस वर्षांनी हिला कळलं, की मुलं बोलतात. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या आठवड्यात अहवालाला फोटो पाहिजेत म्हणून मी वाडीत गेले, आणि नशीब माझं, त्याच दिवशी गेले. पौर्णिमा गालात पाणी धरून कोपऱ्यात बसलेली. पोरं चार दिवस तिच्याकडे बघत होती. त्यांना वाटलं, हा काहीतरी भारी खेळ आहे. एकेक जण उठला, माठाजवळ गेला, तोंडात पाणी घेऊन येऊन बसला. बघता बघता तीसच्या तीस पोरं फुगलेल्या गालांनी चिडीचूप. मदतनीस भागूबाई, वाडीतलीच पन्नाशीची बाई, खिचडी ढवळता ढवळता थांबली, तिनंही एक घोट घेतला. आणि त्याच वेळी, न कळवता, पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला आल्या.

“नमस्कार,” मॅडम म्हणाल्या. उत्तर नाही. तीस जोडी डोळे नुसते त्यांच्याकडे बघतायत. “काय चाललंय? पौर्णिमाताई?” पौर्णिमानं हात जोडले, तोंड उघडायची सोय नाही. खिडकीतून बाहेर थुंकावं तर मॅडमसमोर कसं, आणि गिळायचं तर हसू आलेलं, ठसका लागेल. मॅडमनी एकेका पोराचे गाल बघितले, भागूबाईचे बघितले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. “अरे देवा! गालगुंड! अख्ख्या वाडीला गालगुंड झालंय!” त्या पर्समधून फोन काढून आरोग्य केंद्राला लावायला लागल्या.

तिथं जना नावाची एक सहा वर्षांची पोर आहे, आगाऊ म्हणजे किती! ती फुटली. फुर्रर्र! तिच्या शेजारची फुटली. मग जे काय सुरू झालं! तीस कारंजी, एकतिसावी भागूबाई, आणि शेवटी सेविका पौर्णिमा. मॅडमची इस्त्रीची साडी निऱ्यांपर्यंत भिजली. मी फोटो काढायचे सोडून भिंतीला टेकून पोट धरून बसले होते. आणि मॅडम? आधी किंचाळल्या, मग पदर झटकला, मग एका पोरानं त्यांच्याकडे बघून परत फुर्र केलं आणि त्याही हसायला लागल्या. तपासणीच्या शेऱ्यात त्यांनी ‘मुले आनंदी व सुदृढ’ असं लिहिलं. नंतर म्हणे सगळ्या तालुक्याला ही गोष्ट सांगत सुटल्या.

पण हसण्याचे दिवस सगळे असे सलग नव्हते. पदविका संपत आली तेव्हा, साधारण जानेवारीत, एका भर दुपारी पौर्णिमा दुकानात आली, आणि काही बोलली नाही. मला पहिल्यांदा वाटलं, हिच्या तोंडात पाणीच आहे अजून. मग बघितलं तर डोळे भरलेले. गिऱ्हाइकाला बाहेर काढलं, तिला बसवलं.

“आज पोरं अंगणवाडी अंगणवाडी खेळत होती,” ती म्हणाली. “जना बाई झाली होती. हुबेहूब मी गं! पदर खोचला, छडीनं भिंतीवरच्या चित्राकडे दाखवलं. हे काय? मोर! स्वतःच विचारलं, स्वतःच सांगितलं. मला इतकं हसू आलं होतं. मग ओळीनं एकेकाला विचारत गेली. ठकीपाशी आली आणि तिला ओलांडून पुढे गेली. एक पोर म्हणालं, ठकीला इचार की. तर जना म्हणाली...” पौर्णिमानं पदरानं डोळे पुसले. “म्हणाली, ठकीला नाय इचारायचं. बाई नाय इचारीत तिला.”

ठकी साडेपाच वर्षांची. आजीचंच नाव ठेवलेलं. बाप खालापूरकडच्या वीटभट्टीवर, आई बापाबरोबर, आणि पोर आजीपाशी. बोलायला अडखळते, फार वेळ लावते. पोरं हसतील, तिला लाज वाटेल, म्हणून पौर्णिमा तिला विचारायचीच नाही. तिनं ते मायेनंच केलं होतं.

“अगं मग त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे?” मी म्हटलं. माझी समजूत घालायची पद्धत ही अशीच.

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं मला जे सांगितलं, ते तोवर रुपेशलाही सांगितलेलं नव्हतं. कडावच्या शाळेत चौथीला असताना वर्गात बौद्धवाडीची चार पोरं होती, त्यातली एक पौर्णिमा. गुरुजी वाईट नव्हते. मारायचे नाहीत, बोलायचे नाहीत. फक्त विचारायचे नाहीत. “प्रश्न ओळीनं यायचा ललिता. माझ्या शेजारच्या मुलीपर्यंत यायचा, आणि मला सोडून पुढे जायचा. मला सगळं यायचं गं. हात वर करून करून खांदा दुखायचा. अख्खं वर्ष. पाचवीत गेले आणि ठरवलं, आता मी थांबायचंच नाही, कुणी विचारो न विचारो, बोलत सुटायचं.” तिनं नाक पुसलं. “आणि मी त्या गुरुजींसारखीच निघाले.”

मलाही रडू आलं, ते मी प्रिंटरच्या शाईवर ढकललं.

त्या दिवशी तिचं संशोधन पालटलं. तीस मुलांना काय वाटतं ते राहिलं बाजूला, आता विषय झाला ‘मी प्रश्न कसे विचारते.’ मोजायचं कसं? भागूबाईला लिहिता येत नाही, पण चिंचोके आहेत! बाईनं प्रश्न विचारला आणि उत्तर स्वतःच दिलं, की एक चिंचोका तांदळाच्या डब्यात. प्रश्न विचारून मुलाच्या उत्तरासाठी थांबली, की एक चिंचोका लोट्यात. भागूबाई इतकी कडक निघाली की काय सांगू. “बाई, आता थांबलीस का? थांबली नायस! डब्यात!” अकरा दिवसांत डब्यात पाचशे पासष्ट चिंचोके पडले आणि लोट्यात एकोणचाळीस. त्यातला ठकीच्या नावाचा एकही नव्हता.

पौर्णिमानं ते जसंच्या तसं अहवालात घातलं. मी म्हटलं, “वेडी आहेस का? परीक्षक म्हणतील, हिलाच शिकवता येत नाही, ही काय सेविकांना शिकवणार! चिंचोके अदलाबदल कर, मी टाइप करते, कुणाला कळतंय?” तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी दुसऱ्या दिवशी स्वतःहून तिला चहा पाजला. धनेश सरांनी मात्र तो भाग वाचला आणि म्हणाले, “मॅडम, हेच तुमचं काम आहे. हे जमा करा, बाकी मी बघतो.”

फक्त एक जागा रिकामी होती. मोजताना तिनं सवय मुद्दाम बदलली नव्हती; मोजणी संपल्यावर मात्र पौर्णिमा रोज ठकीला काहीतरी विचारायची आणि थांबायची. तीन आठवडे. ठकी तिच्याकडे बघायची, मग जमिनीकडे, मग पोरांकडे. काही नाही. शेवटी अहवालात मी टाइप केलं, ‘ठकी : प्रतिसाद मिळाला नाही.’

अठ्ठावीस फेब्रुवारी हा अहवाल जमा करायचा शेवटचा दिवस. साडेचार वाजता अभ्यासकेंद्राची खिडकी बंद. पौर्णिमानं आधीच दोन वेळा मुदत वाढवून घेतली होती, तिसरी मिळत नाही. चुकली की नोंदणी रद्द, दोन वर्षांचं सगळं पाण्यात, प्रशिक्षकाची जागा गेली. शिवाय विद्यार्थ्यानं स्वतः येऊन सही करायची, नाहीतर अहवाल मीच नेऊन दिला असता. तीन प्रतींचं मी बाइंडिंग केलं. गर्द निळं कव्हर, वर सोनेरी अक्षरं. तो डिंक वाळता वाळेना, म्हणून मला वाडीत पोहोचायला सव्वातीन वाजले.

पोरं घरी गेली होती. पौर्णिमा तयार होऊन उभी, तोंडाला स्कार्फ बांधलेला. ओट्यावर भागूबाई भांडी घासतेय आणि बाजूला ठकी, तिची आजी लाकडाला गेलेली म्हणून थांबलेली. पौर्णिमा प्रती घेऊन माझ्या मागे स्कूटीवर बसली, आणि जाता जाता, सहज, म्हणाली, “जाते गं ठकी. तुझ्या शेळीला पिलं झाली म्हणे?”

आणि सवयीनं थांबली. मी गाडी सुरू केली.

“दो... दोन,” ठकी म्हणाली.

मला ऐकूही आलं नव्हतं. पण मागचं वजन हललं. पौर्णिमा खाली उतरली होती.

“येक काळा हाय,” ठकी म्हणाली. “येक ठिपक्याचा. ठिपक्याचा मेला व्हता.”

पौर्णिमा काही बोलली नाही. तोंडात पाण्याचा थेंब नसताना! ती हळूच ओट्यावर बसली.

“मंग आजीनं त्याच्या नाकात फुंकलं. लई फुंकलं. मंग तो... तो शिंकला.”

“पौर्णिमे!” मी दबक्या आवाजात किंचाळले. “साडेतीन! उद्या ऐक की! साडेतीन!”

तिनं हात वर करून मला गप्प केलं. मला! वही पिशवीत तळाला गेलेली. तिनं इकडेतिकडे बघितलं, मांडीवरची एक निळी प्रत उलटी केली, आणि माझ्या बाइंडिंगमधल्या पानांच्या कोऱ्या पाठींवर पेन टेकवून लिहायला लागली! माझ्या अंगाची लाही लाही झाली. अगं, सोनेरी अक्षरं होती ती!

ठकी बोलत होती. एकेका शब्दाला अडखळत, मध्येच बराच वेळ गप्प होत, पण बोलत होती. शिंकल्यावर पिलू कसं उभं राहिलं आणि पडलं. काळ्याला दूध जास्त मिळतं म्हणून ती त्याला मुद्दाम कशी लांब बांधते. आई भट्टीवर गेली तेव्हा शेळी दोन दिवस कशी जेवली नाही. मग थांबून, “मीबी नाय जेवले.” आजी झोपेत गाणं म्हणते. लाल मुंग्यांना घर बदलताना कोण सांगतं, डावीकडे जा? भागूबाईचे हात राखेत तसेच थांबले होते. मी गाडी बंद केली ते मला आठवतच नाही.

चार वाजून गेल्यावर पौर्णिमानं एकच विचारलं, अगदी हळू. “हे सगळं इतके दिवस सांगितलं का नाहीस गं?”

आणि थांबली.

ठकीनं फ्रॉकची कड तोंडात घातली, काढली. “मी आधी मनात लावते,” ती म्हणाली. “लावून झाला का सांगाया जाते. तवर तू... तू जनाला इचारलेलं असतं.”

पौर्णिमा लिहीत होती ती थांबली.

“आता थांबतेस,” ठकी म्हणाली. “पन समदी पोरं माझ्या तोंडाकं बघतात. आज नाय कोन.”

चार वाजून चाळीस मिनिटांनी आजी लाकडं घेऊन आली आणि ठकीला घेऊन गेली. जाताना ठकी म्हणाली, “आजून लई हाय.”

मी स्कूटी अशी पळवली की कडावच्या नाक्यावर कोंबड्या उडाल्या. मी रस्ताभर शिव्या देत होते, आणि मागे ही बाई वेड लागल्यासारखी ओरडत होती, “ललिताऽ! सव्वा तास गं! मनात लावते म्हणाली! ऐकलंस का, मनात लावते! पाच सेकंद थांबून उपयोग नाही गं, ते पोर आधी मनात लावतंय!” मध्येच हसायची, मध्येच माझ्या पाठीवर थापा मारायची. दहिवलीला आम्ही पोहोचलो तोवर मीही हसायला लागले होते, आणि का ते मला माहीत नव्हतं. अभ्यासकेंद्रावर पाच पंचवीसला पोहोचलो. खिडकीला कुलूप.

धनेश सर बाहेरच्या पायरीवर बसले होते. त्यांनी कितीतरी फोन केले होते, वाडीत रेंज नसते. ते उठले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला मी. “मॅडम, कुठे होता तुम्ही?”

पौर्णिमानं निळी प्रत उलटी करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याउभ्या मागची आठ पानं वाचली. मग परत पायरीवर बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. नोंदणी रद्द झाली ती झालीच. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. घरी जाऊन पौर्णिमा त्या रात्री रडली, हे रुपेशनं मला सांगितलं. मी काय, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी मीच फोन केला.

जूनमध्ये ती दुकानात आली. पुन्हा प्रवेश, पुन्हा पहिल्यापासून, दोन वर्षं. मी ऑनलाइन फॉर्म उघडला. नाव, पत्ता, वय शेहेचाळीस. पुढचा रकाना होता, मागील नोंदणी अपूर्ण राहण्याचे कारण. खाली यादी. आजारपण, कौटुंबिक अडचण, बदली, इतर.

“आजारपण टाकते,” मी म्हटलं. “कुणी विचारत नाही. सर्टिफिकेटचं मी बघते.”

“इतर,” ती म्हणाली.

“इतर टाकलं की खाली लिहावं लागतं, काय ते.”

“लिही ना मग.”

मी वैतागून तिच्याकडे बघितलं, आणि यावेळी थांबले. तिनं जरा वेळ घेतला.

“लिही,” ती म्हणाली. “ठकी बोलत होती.”

मी टाइप केलं.